एकशे त्रेपन्नावी तार

मेंढीचं कातडं धुणं म्हणजे काय, बादलीत बुचकळायचं आणि दोरीवर टाकायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आत्याच्या मागच्या खोलीत एक दिवस काढावा. एकच दिवस. संध्याकाळी कंबर धरूनच बाहेर याल.

घोड्याच्या पाठीवर खोगीर असतं आणि खोगिराखाली एक पॅड असतं, हे घोड्यावर कधी न बसलेल्यांनाही ठाऊक असायला हरकत नाही. चांगल्या पागेत ते पॅड मेंढीच्या कातड्याचं असतं, लोकरीसकट, लोकर घोड्याच्या पाठीकडे. घोडा पळाला की त्याचा घाम, धूळ, गळलेले केस, सगळं त्या लोकरीत जाऊन बसतं. पंधरा दिवसांत ती अशी घट्ट होते की तिच्यात कंगवा शिरत नाही. मग ते पॅड आत्याकडे येतं.

आधी झटकायचं. मग कोरडं असतानाच ब्रश फिरवून केस काढायचे. मग कोमट पाणी. कोमट म्हणजे कोमट; जरा गरम झालं की कातडं आखडलंच, आणि आखडलेलं कातडं मग कोणाच्याही बापाला सरळ करता येत नाही. कपड्यांची पावडर चालत नाही, ती कातडं खाते. लोकरीचा वेगळा साबण येतो, तोही चमचाभर. चोळायचं नाही, पिळायचं नाही. नुसतं दाबायचं आणि सोडायचं. साबण निघेपर्यंत पाच वेळा पाणी बदलायचं, कारण साबण राहिला तर घोड्याच्या घामात तो पुन्हा फेसाळतो आणि पाठ सोलवटते. मग टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. ऊन नको, हीटर तर नकोच नको. तीन दिवस येता-जाता चारी बाजूंनी ओढत राहायचं, म्हणजे कातडं मऊ राहतं. आणि शेवटी पुन्हा ब्रश. हे सगळं एकवीस वर्षं करत आलेल्या बाईला एक शेजारीण म्हणाली होती, "तुमचं काय बाई, घरबसल्या काम." त्या शेजारणीशी आत्या पुढे चार वर्षं बोलली नाही, आणि योग्यच केलं.

तशी ती एकाच मुलीची आत्या. भाऊ आणि वहिनी वर्षाच्या आत एकापाठोपाठ एक गेले, तेव्हा त्यांची मुलगी चार वर्षांची होती. मुलीचं बोट धरून आत्या पागेत काम मागायला गेली. पागेच्या मास्तरांनी विचारलं, "घोड्यांची भीती वाटते?"

"वाटते," ती म्हणाली.

"मग निदान खोटं बोलत नाही तुम्ही. धुणं येतं?"

तेव्हापासून पागेतली सगळी पॅडं तिच्याकडे. मुलगी तबेल्यांमधून दिवसभर अशी गरगर फिरायची की मोतद्दारांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या गड्यांनी, तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. भिंगरी तिला आत्या म्हणायची म्हणून मोतद्दारही आत्या म्हणू लागले, मग मास्तरही. खुद्द आत्याला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि मारली तर ती वळून बघेल असंही नाही.

भिंगरी घोड्यावर बसायला लागली तेव्हा आत्याच्या घशाखाली तीन दिवस घास उतरला नाही. पुढे सवय झाली. सवय म्हणजे काय, पोटातला गोळा तिथेच राहिला, फक्त त्याच्यासकट जेवता येऊ लागलं.

दोन वर्षांपूर्वी मात्र कबऱ्याने भिंगरीला फेकलं. कबऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, अंगाने दांडगा आणि मनाने अगदी हळवा. त्याच्या पॅडच्या लोकरीत एक गोखरू राहिलं होतं, वाटाण्याएवढं. पॅड कोणीतरी कुरणाच्या कुंपणावर टाकलं होतं, तिथून ते आलं. आत्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. पण भिंगरीने रिकिबीत पाय घालून वजन टाकलं, गोखरू पाठीत रुतलं आणि घोडा उधळला. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, मान वाचली हे नशीब. आत्या दवाखान्याच्या बाकावर ते गोखरू मुठीत घेऊन बसली होती, आणि नर्सने मूठ उघडायला लावली तेव्हा तळवा रक्ताने भरला होता.

त्या दिवसापासून तिने ब्रशच्या तारा मोजायला सुरुवात केली. ब्रश लाकडी मुठीचा, बारीक पोलादी तारांचा. नऊ ओळी, ओळीत सतरा. एकशे त्रेपन्न. एक पॅड झालं की मोजायचं, मगच दुसरं हातात घ्यायचं. एवढीशी तार तुटून लोकरीत राहिली तर गोखरू परवडलं म्हणायची वेळ येईल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता पुढची गोष्ट आत्याने कोणालाही सांगितलेली नव्हती. गेल्या वर्षापासून तिच्या बोटांना कळेनासं झालं होतं. आधी टोकं बधिर झाली. मग सुई उचलताना ती हातात आली की नाही हे डोळ्यांनी बघावं लागू लागलं. मग एकदा तापलेलं पातेलं तिने सावकाश उचललं, सावकाश ओट्यावर ठेवलं, आणि करपल्याचा वास कसला येतोय म्हणून इकडेतिकडे बघू लागली. दवाखान्यात ती गेली नाही. गेलं की डॉक्टर त्याला काहीतरी नाव देणार, आणि नाव पडलं की ते खरं होणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शहाणी बाई, पण या बाबतीत मूर्खपणा केला, हे सांगायलाच हवं.

हातांचं काम तिने इतर अवयवांना वाटून दिलं. पाणी कोमट आहे का ते कोपराने बघायचं. धुतलेलं पॅड तपासायला आधी ती दहा बोटं लोकरीत खोल घालून इंच न् इंच चाचपायची. आता ती गाल लावायची. पॅड मांडीवर घेऊन, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गाल फिरवायची. गालाला सगळं कळतं. भिंगरीने पहिल्यांदा बघितलं आणि हसून लोटपोट झाली.

"आत्या मेंढीचे मुके घेते."

"घेते. मेंढी उलट उत्तर देत नाही," आत्या म्हणाली आणि विषय तिथेच संपवला.

लपवायचं कारण होतं पागेतला एक म्हातारा मोतद्दार. त्याच्या हातांना कंप सुटला तेव्हा मास्तरांनी त्याला घरी बसवलं. मायेने बसवलं, पण बसवलं. "घोड्याची पाठ बोलून दाखवत नाही," मास्तर म्हणाले होते. "ती हाताला कळावी लागते. हाताला कळेनासं झालं की थांबायचं." म्हातारा त्यानंतर रोज दुपारी पागेच्या फाटकापाशी येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, सहज आलो होतो. आत्याला त्या फाटकाची धास्ती बसली होती.

आणि मग भिंगरीच्या परीक्षेचा दिवस उजाडला.

परीक्षा दुपारी दोनला. बाहेरून दोन परीक्षक यायचे होते. भिंगरी पास झाली तर पागेत शिकवणारी म्हणून कायमची लागणार होती, नाहीतर पुन्हा वर्षभर लीद उचलायला मोकळी. घोडा अर्थातच कबऱ्या. त्याचं पांढरं पॅड सगळ्यांत जाड, आणि आभाळ आठवडाभर भरून राहिलेलं. बाकीची पाच पॅडं आदल्या दिवशीच तयार झाली होती. कबऱ्याच्या पॅडची शिवण सकाळपर्यंत ओलसर होती. आत्या पहाटेपासून त्याला कोरड्या टॉवेलात दाबत होती, ओढत होती, पुन्हा दाबत होती.

पॅडं पागेत न्यायला टेम्पो अकराला यायचा होता, तो दहालाच दारात.

"अकरा म्हणाला होतास," आत्या म्हणाली.

"मी काय म्हणालो ते सोडा, मास्तर काय म्हणतात ते बघा," टेम्पोवाला म्हणाला. "परीक्षक येणार म्हणून सगळ्यांच्या अंगात आलंय. द्या लवकर, मला अजून दुसऱ्या टोकाला जायचंय."

तिने ब्रश फिरवला. भराभर फिरवला. टेम्पोवाला दारात उभा राहून किल्ली वाजवत होता, आणि किल्ली वाजवणाऱ्या माणसासमोर कुठलंही काम धड होत नाही. लोकर फुलून आली. आत्याने पॅड मांडीवर घ्यायला उचललं आणि टेम्पोवाल्याला वाटलं ते त्यालाच देतेय. त्याने घेतलं. पाचांवर सहावं ठेवून तो गेलासुद्धा.

गाल लावायचा राहिला. तारा मोजायच्या राहिल्या.

राहिल्या तर राहिल्या, एवढ्या वर्षांत कधी काही झालंय का, असं स्वतःशी म्हणत ती पाणी प्यायली. मग स्वयंपाक-जेवण उरकून बाराच्या सुमारास सवयीने ब्रश घेऊन खिडकीपाशी बसली आणि मोजू लागली. आठवी ओळ सोळा.

तिने पुन्हा मोजली. सोळा. मग पहिल्यापासून सगळा ब्रश मोजला, काडीने एकेक तार बाजूला करत. एकशे बावन्न. आठव्या ओळीत मधेच एक भोक होतं, काळं आणि रिकामं.

पाचव्या पॅडनंतर तिने काल मोजल्या होत्या, तेव्हा पुऱ्या होत्या. म्हणजे तार गेली ती सहाव्यात. कबऱ्याच्या.

तिने आधी खोली झाडली. केरातली लोकर पांढऱ्या कागदावर पसरून बघितली. मग गुडघ्यांवर बसून फरशीला गाल लावून खिडकीच्या उजेडात काही चमकतं का ते पाहिलं. काही नाही. भिंगरीला फोन लावला. तो वाजत राहिला, कारण घोड्याजवळ जाताना ती फोन पिशवीत ठेवते, आणि हा नियम आत्यानेच घालून दिला होता. पागेचा फोन वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. टेम्पोवाल्याने मात्र पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचवली की, केव्हाच."

"परत जाशील का रे? एक निरोप द्यायचाय."

"आत्या, मी आता गावाच्या पार या टोकाला आहे. संध्याकाळी सांगतो ना."

संध्याकाळी.

ती पाच मिनिटं नुसती बसून राहिली. त्या पाच मिनिटांबद्दल आत्याने स्वतःला अजून माफ केलेलं नाही. कारण त्यात ती फक्त भिंगरीचा विचार करत नव्हती. तार कदाचित आधीच कुठेतरी गळली असेल. कदाचित काल मोजायला चुकली असेल. आणि जाऊन सांगितलं तर मास्तर विचारणार, आत्या, तार लोकरीत राहिली ती तुमच्या हाताला लागली कशी नाही? त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं आणि ते द्यायचं नव्हतं. मग डोळ्यांसमोर ते गोखरू आलं. आत्या उठली, ब्रश पिशवीत टाकला आणि चपला घालून शेजारच्या शिंप्याच्या दुकानात शिरली.

शिंपीभाऊंकडे स्कूटर होती. शिंपीभाऊ ती कशी चालवतात हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. सायकलवाले त्यांना घंटी मारून पुढे जात. पण वेळ तशी होती. आत्याने दोन वाक्यांत सांगितलं. शिंपीभाऊंनी पायाखालचं मशीन थांबवलं आणि एकही प्रश्न न विचारता खणातून नालाच्या आकाराचं एक लोहचुंबक काढलं.

"माझी सुई हरवली तर मी गिऱ्हाईकाला कपडा देत नाही," ते म्हणाले. "हे घ्या, मांडीवर धरा. तार असेल तर हे सोडणार नाही."

आत्याला तिथेच रडू आलं असतं, पण तेवढा वेळ नव्हता.

रस्ता चाळीस मिनिटांचा. शिंपीभाऊंनी त्याचा सव्वा तास केला. प्रत्येक सिग्नलला थांबले; पिवळ्याला थांबले; एका ठिकाणी हिरवा होता तरी आता लाल होईल म्हणून थांबले. पाइपासाठी खणलेला रस्ता आला तेव्हा खाली उतरून खड्डा किती खोल आहे ते बघून आले. आत्या मागे बसून त्यांच्या खांद्यावरून घड्याळ बघत होती. सव्वा. दीड. पावणेदोन.

"शिंपीभाऊ, जरा हात चालवा ना."

"चालवतोय की. आपण दोघं आडवे झालो तर तिला सांगणार कोण?"

आत्याच्या मनात कबऱ्या हजारदा उधळला. दरवेळी भिंगरी वेगळ्या बाजूला पडली, आणि दरवेळी डॉक्टर मानेबद्दल काही बोलेनात.

फाटकापाशी म्हातारा मोतद्दार उभा होता. "आत्या, आज इकडे कशा?" तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या, दोन परीक्षक कागद घेऊन बसले होते, आणि भिंगरी कबऱ्याच्या पाठीवर होती. खोगिराखालून पांढरी लोकर दिसत होती. घोडा कान मागे पाडून चालत होता. भिंगरी अजून सावकाश चालवत होती, पण लगाम आवळून ती पुढे झुकली, आणि तिला पळवायचा असला की ती अशीच झुकते हे आत्याला माहीत होतं.

घोड्यांना भिणारी आत्या कुंपणाच्या दांड्याखालून वाकून सरळ मैदानात शिरली.

"उतर."

"आत्या?" भिंगरीने घोडा थांबवला. "अगं काय करतेस, परीक्षा चालू आहे."

"आधी उतर. मग मला काय बोलायचं ते बोल."

एका परीक्षकाने शिट्टी वाजवली. मास्तर धावत आले. भिंगरी उतरली, पण तिचा चेहरा असा झाला होता की आत्याने तो आयुष्यात दोनदाच पाहिला होता. आत्याने सांगितलं, ब्रशची एक तार गेलीय आणि ती बहुतेक या पॅडमध्ये आहे. मास्तरांनी कबऱ्याच्या पोटाखालून आवळलेला तंग सोडला, खोगीर उतरवलं, आणि पाठीवरून तळवा फिरवला. पाठ स्वच्छ होती. मग ते परीक्षकांकडे जाऊन काहीतरी बोलले आणि परत येऊन म्हणाले, "हिचा नंबर शेवटी घेतील. अर्धा तास आहे. चला."

खोगिरांच्या खोलीत लांब बाक होता. त्यावर पॅड पालथं घातलं. शिंपीभाऊंनी चुंबक घेतलं आणि जशी स्कूटर चालवतात तसंच ते लोकरीतून चालवलं, इंचभर पुढे, अर्धा इंच मागे. काही चिकटलं नाही. मास्तरांनी बोटं घालून चाचपलं. काही नाही. भिंगरीने शिवण न् शिवण दाबून बघितली. काही नाही. मग बाकीची पाचही पॅडं आणली, त्यांच्यावरून चुंबक फिरलं. काहीच नाही.

"मोजायला चुकला असाल," मास्तर म्हणाले.

आत्याने पिशवीतून ब्रश काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उजेडात धरून मोजला. एकशे बावन्न.

"मग घरी पडली असेल."

"घरी नाही. फरशी बघितली मी."

"आत्या, एवढीशी तार," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, म्हणजे राग फार होता. "फटीत गेली असेल. केरात गेली असेल. मी कबऱ्याला सकाळपासून गोंजारून गोंजारून शांत केला होता. आता तो शेवटी पुन्हा कसा चालणार ते तूच सांग."

आत्याने शिंपीभाऊंच्या हातातून चुंबक घेतलं आणि पॅडवरून पुन्हा फिरवू लागली. एकदा झालं, दुसऱ्यांदा सुरू केलं. तार सापडत नाही तोवर ती या पोरीला त्या घोड्यावर बसू देणार नव्हती, मग परीक्षा गेली तरी चालेल, पोरगी जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

"पुरे," भिंगरी म्हणाली आणि तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "पुरे गं. बस खाली."

आणि हात तसेच धरून ती थांबली. तिने आत्याचा उजवा तळवा खिडकीकडे वळवला. अंगठ्याच्या बुडाशी, वर्षानुवर्षं ब्रशची मूठ घासून झालेल्या घट्ट्यात, काहीतरी चमकत होतं. केसाएवढं टोक बाहेर, बाकी सगळं आत.

भिंगरीने भिंतीवरच्या घोड्यांच्या औषधपेटीतून चिमटा काढला आणि टोक पकडून ओढलं. तार सरळ निघाली नाही. तिला मधे बाक होता, जसा त्या ब्रशच्या सगळ्या तारांना असतो. निघताना तिने कातडी वर उचलली. पाठोपाठ रक्ताचा एक थेंब आला, मग दुसरा.

आत्या तारेकडे बघत होती. मिळाली, एवढंच तिच्या मनात होतं. जीव भांड्यात पडला होता, पोरगी सुखरूप होती, घोडा सुखरूप होता. मग तिने वर बघितलं. शिंपीभाऊंनी दात आवळून धरले होते. मास्तरांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आई गं," आत्या म्हणाली.

उशीर झाला होता. हे तिला म्हणता म्हणताच कळलं.

भिंगरीने हात सोडला नाही. तिने चिमटा पुन्हा उचलला. "आता कुठे लागतंय, डोळे मीट आणि सांग."

आत्याने डोळे मिटले आणि भिंगरीने चिमट्याचं टोक तिच्या तर्जनीवर टेकवून दाबलं. "सांगू काय," आत्या म्हणाली, "अजून टेकवलंस कुठे तू?"

चिमट्याने बोटावर खळी पाडली होती.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. आठ दिवस म्हणता आलं असतं. "वर्ष झालं," आत्या म्हणाली. आणि मास्तरांकडे वळून म्हणाली, "मी सांगायला हवं होतं. भीती वाटली."

मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. तिथून फाटक दिसायचं. "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं," ते म्हणाले. "मी स्वतः येतो न्यायला. बाकीचं त्यानंतर बघू." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि त्यामुळेच आत्याही फाटकाकडे बघू लागली. म्हाताऱ्याशीही ते याच आवाजात बोलले होते.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, शेवटचा नंबर, घोडा आणा.

भिंगरीने पॅड उचललं. दाराकडे निघाली, आणि मधेच थांबली. वर्षभर ही बाई मांडीवर पॅड घेऊन डोळे मिटून बसायची, आणि आपण तिला हसायचो, मोतद्दारांना नक्कल करून दाखवायचो, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ती परत आली. आत्यासमोर गुडघ्यांवर बसून तिने पॅड उलटं केलं आणि लोकर वर करून तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे राहिलंय," ती म्हणाली. "गाल लावायचा राहिलाय."

"तार मिळाली ना. आता कशाला, तुला उशीर होतोय."

"याच्याशिवाय मी बसणार नाही."

आत्याने मास्तरांकडे बघितलं. ते दारात जाऊन बाहेरच्याला म्हणाले, पाच मिनिटं. मग तिने डोळे मिटले, पॅड उचललं आणि गाल टेकवला. उजवीकडून डावीकडे, मग जरा खाली, मग डावीकडून उजवीकडे. शिंपीभाऊंनी चुंबक खिशात घातलं होतं. शेवटच्या ओळीत, डाव्या कोपऱ्याजवळ, आत्याचा गाल थांबला, मागे आला आणि पुन्हा तिथेच थांबला.

"इथे बघ," ती डोळे न उघडता म्हणाली.

भिंगरीने लोकर दोन्हीकडे सारली. मुळाशी, कातड्याला चिकटून, गवताचं एक कुसळ होतं, पागेतच कुठेतरी लागलं असावं. चुंबकाला ते कळणार नव्हतं आणि दोघांच्या वीस बोटांना ते कळलं नव्हतं. भिंगरीने ते चिमट्याने काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवलं. मास्तरांनी त्याच्यावरून अंगठा फिरवून पाहिला.

आत्याने उरलेला कोपरा संपवला, गालावरचा लोकरीचा धागा झटकला आणि पॅड भिंगरीकडे दिलं.

"लाव," ती म्हणाली.